वरच्या ओळीतली खूण

चौकशीभाऊंना कुणी विचारलं, "तुम्हाला त्याचा हेवा वाटतो का हो?" की ते चष्मा काढून पुसायला लागतात. "हेवा? मला? आणि त्या दातवाल्याचा?" एवढ्यावर थांबतील तर ते भाऊ कसले! पुढचा पाऊण तास दातवाल्याची खुर्ची, दातवाल्याचा डबा, दातवाल्यानं परवा मॅडमना कसं हसवलं आणि त्यात हसण्यासारखं मुळात काय होतं, हे सगळं बयाजवार ऐकून घ्यावं लागतं. ज्याचा हेवा वाटत नाही त्याच्या डब्यातली भाजी माणसाला वारासकट पाठ नसते. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

भाऊंचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. गल्लीत आणि कार्यालयात ते चौकशीभाऊ. राज्याच्या निवडणूक कार्यालयात तक्रार विभाग म्हणून एक लांबट खोली आहे. दोन टेबलं, एक खिडकी, पाच कपाटं, आणि पंखा असा की चालू केला तर कागद उडतात आणि बंद केला तर माणसं उडतात. त्या खोलीत भाऊंची बावीस वर्षं गेली. मतदानात लबाडी झाली, यादीत घोळ झाला, असं ज्याला वाटतं तो त्या खिडकीशी येतो. त्याला छापील अर्ज मिळतो. अर्जाला क्रमांक पडतो, पोच मिळते, आणि पंधरा दिवसांत कुणीतरी त्याच्या दारी जाऊन विचारपूस करतं. शेवटी फाइलवर तीनपैकी एक शेरा पडतो. 'तथ्य नाही' पडला की फाइल बांधायची. 'चूक झाली' पडला की दुरुस्ती करायची. 'लबाडी दिसते' पडला की फाइल पोलिसांकडे. शेजारच्या राज्यात म्हणे तक्रार फोनवरच घेतात, आणि त्याच्या पलीकडच्या राज्यात तक्रार घेतच नाहीत, थेट कोर्टात जा म्हणतात. भाऊ दोघांनाही नावं ठेवतात. "फोनवर काय कुणीही बोंबलेल. कागदावर लिहायला बसलं की निम्म्यांचा राग पहिल्या परिच्छेदातच संपतो."

बावीस वर्षांत तिसरा शेरा भाऊंनी चारदा वापरला. बाकी सगळं पहिलं आणि दुसरं. माणसं येताना डोंगर घेऊन येतात. पेट्या बदलल्या, याद्या विकल्या, एका घरात चाळीस मतदार. भाऊ जाऊन बघतात तर ते घर वसतिगृह निघतं. डोंगर पोखरून निघालेला उंदीर भाऊ व्यवस्थित क्रमांक घालून फाइलला लावतात. चोख काम! त्यांच्या फाइलीत बोट घालायला जागा नसे.

आणि मग चार वर्षांपूर्वी दुसऱ्या टेबलावर हसरा आला.

हसरा हे नाव कार्यालयानं ठेवलं. दातवाला हे भाऊंनी, त्याच्या पाठीमागं. भाऊंपेक्षा अकरा वर्षांनी लहान, अंगानं सडपातळ, आवाज असा की समोरच्याला वाटावं हा आपल्याच घरचा. लोक भांडायला येत आणि हसऱ्याच्या टेबलावर बसून दहाव्या मिनिटाला स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाबद्दल सांगत. भाऊंच्या टेबलावरून माणूस पोच घेऊन जाई, हसऱ्याच्या टेबलावरून समाधान घेऊन. इथपर्यंत भाऊंनी सोसलं. पण वर्षभरानं हसऱ्याला चाकांची खुर्ची मिळाली. "पाठ दुखते म्हणाला, दिली," असं मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे विभागाच्या वरच्या अधिकारी. भाऊंची पाठ सतरा वर्षं दुखत होती. त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण न बोलता कुणी ओळखावं अशी त्यांची अपेक्षा होती. घरी तरी कुणी त्यांची बाजू घ्यावी! तर बायको एकदा कार्यालयाच्या समारंभाला येऊन गेली आणि परतताना म्हणाली, "किती अदबीनं बोलतो हो तो मुलगा! मला खुर्ची आणून दिली."

"चाकांची होती का?" भाऊंनी विचारलं.

त्या संध्याकाळी भाजीत मीठ जास्त होतं, असं भाऊंचं म्हणणं. बायकोचं म्हणणं, मीठ भाजीत नव्हतं.

आता या वर्षी गोष्ट हातघाईवर आली. विभागप्रमुखाची जागा महिनाभरात रिकामी होणार होती. नाव सुचवायचं मॅडमनी, आणि नावं दोनच. बावीस वर्षं की चार वर्षं? भाऊ रोज सकाळी आरशात बघून हा प्रश्न सोडवत. आरसा दरवेळी बरोबर उत्तर देई. कार्यालय मात्र देईना. शिपाईसुद्धा चहा आधी तिकडं ठेवायला लागला होता.

अशात मतदान होऊन दीड महिना झाला आणि खिडकीशी एक काकू आल्या. साठीच्या पुढच्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत कार्यालयाचंच पत्र. हसरा त्या दिवशी रजेवर होता, म्हणून काकू भाऊंच्या वाट्याला आल्या.

"हे तुम्ही पाठवलंय का?"

पत्र छापील होतं. सलग दोन निवडणुकांत आपण मतदान केल्याचं दिसत नाही, आपण दिलेल्या पत्त्यावरच राहता का हे कळवावं. अशी पत्रं दर निवडणुकीनंतर हजारानं जातात. बहुतेक लोक ती न फोडताच टाकतात.

"गेल्या वेळी आले नव्हते, कबूल," काकू म्हणाल्या. "हे इस्पितळात होते, मी उशाशी. पण या वेळी उन्हात उभी राहून मत दिलंय मी. पायाला गोळे आले होते."

भाऊंनी मतदानाच्या दिवशीची खुणांची यादी काढली. मत द्यायला आलेल्या माणसाच्या नावापुढं तांबड्या शाईची खूण करतात, ती यादी. काकूंच्या नावापुढं कोरं. त्याच्या बरोबर वरच्या ओळीत मात्र ठसठशीत तांबडी खूण.

"हे वरचं नाव कुणाचं?"

काकूंनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

"आमच्या ह्यांचं. आठ महिने झाले त्यांना जाऊन."

भाऊंना वाटलं, आता डोळ्यांना पदर लागणार. त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. पण काकूंचा चेहरा तापत चालला होता.

"म्हणजे मत मी दिलं आणि लागलं यांच्या नावावर?" त्यांनी बोट यादीवर आपटलं. "चाळीस वर्षं हेच चाललंय! दुकान मी उघडायचं, पाटी यांच्या नावाची. मुलाला मी शिकवायचं, सत्कार यांचा. आता माणूस गेला तरी नंबर यांचाच आधी? लिहून घ्या तक्रार. सगळी लिहा."

भाऊंनी लिहून घेतली. पाटीचं आणि सत्काराचं लिहिलं नाही, पण लिहावंसं वाटलं खरं. कष्ट एकाचे आणि खूण दुसऱ्याच्या नावापुढं, हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

काकू गेल्यावर त्यांनी केंद्राचं कर्तव्यपत्रक काढलं. मतदान केंद्रावर कोण कुठं बसलं होतं, याचा तो कागद. खुणेच्या जागेपुढं ज्याचं नाव होतं ते वाचून भाऊंना आधी काही वाटलं नाही. मग कानशिलं गरम झाली. मग त्यांनी उठून पंखा लावला आणि कागद उडू दिले.

हसरा! खुणा करायला हसरा बसला होता.

"ज्याचं टेबल त्यानं त्याची चौकशी करायची नाही, हा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच करा, भाऊ. तुमच्या फाइलीत कधी काही राहत नाही."

बावीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं, तेही अशा मुहूर्तावर! भाऊ त्या दिवशी घरी शीळ घालत आले. बायकोनं गॅस बंद करून बाहेर येऊन बघितलं.

एका चुकीनं काय होतंय? भाऊंना माळ हवी होती. मतदाराला दिलेल्या चिठ्ठीची अर्धी प्रत, मतदाराच्या सहीची, कार्यालयात राहते; तिच्यावर क्रम असतो आणि वेळ असते. काकूंच्या आगेमागे कोण आलं होतं ते त्यावरून निघालं. भर दुपारची वेळ, चारच माणसं. भाऊंनी चौघांची घरं गाठली. एक छत्र्या दुरुस्त करणारा, एक दाई, एक सेवानिवृत्त टपालवाला, एक कॉलेजातली मुलगी. चौघंही मत देऊन आलेली. यादीत चौघांपुढंही कोरं, आणि प्रत्येकाच्या वरच्या ओळीत खूण. वरच्या ओळींतले लोक मतदानाला फिरकलेच नव्हते. कुणी परगावी, कुणी अंथरुणाला खिळलेलं, एक तर कबूल करून मोकळा झाला की झोपलो होतो. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. काकू धरून पाच चुका! सलग!

"खुणा करणारा माणूस कसा होता, आठवतंय?" भाऊंनी छत्रीवाल्याला विचारलं. उत्तर ठाऊक होतं. बोलघेवडा होता, गप्पा मारत होता, लक्ष नव्हतं. हेच लिहायला पेन उघडून बसले होते.

"कसा म्हणजे... बोलला नाही काही, मानही वर केली नाही. तोंड असं, एरंडेल प्यायल्यासारखं."

भाऊंनी पेन तसंच धरून ठेवलं. 'चेहरा गंभीर' असं लिहिलं. दाईनंही तेच सांगितलं, वर म्हणाली, "बिचाऱ्याचं पोट दुखत असेल." भाऊंनी ठरवलं, उपाशी असणार. जेवणाची वेळ होती ना. भुकेला माणूस कसला हसतोय!

शेवटचा जबाब राहिला शाळेतल्या बाईंचा. खुणेच्या टेबलावर दोघं बसतात. एकानं यादीत नाव शोधून तिथं पट्टी लावायची, दुसऱ्यानं त्या नावापुढं खूण करून चिठ्ठी द्यायची. नाव शोधायला त्या दिवशी या बाई होत्या. त्या वह्या तपासत बसल्या होत्या आणि भाऊ समोर येताच त्यांनी भुवया वर केल्या, पण भाऊंना तेव्हा ते जाणवलं नाही.

"पट्टी कशी लावत होता तुम्ही?"

"नावाच्या वर. पट्टीच्या खालचं नाव मतदाराचं. सकाळीच आमचं दोघांचं ठरलं होतं तसं. नव्या प्रशिक्षणात तेच शिकवलंय."

"पट्टी नावाच्या खाली लावतात," भाऊ म्हणाले. "पट्टीच्या वरचं नाव मतदाराचं. बावीस वर्षं आम्ही..."

"हेच!" बाईंनी तांबडं पेन खाली ठेवलं. "हेच म्हणाला होता तुम्ही! तो जेवायला उठला तेव्हा बदली म्हणून तुम्हीच नव्हता का बसलात? तो बिचारा जाताना सांगत होता, भाऊ, इथं पट्टीच्या खालचं नाव हं. तर तुम्ही त्याला म्हणालात, मला शिकवू नकोस, बावीस वर्षं पट्ट्याच सरकवतोय."

शाळेची घंटा झाली. पोरं ओरडत पांगली. भाऊ बाकावर बसून राहिले. मुलांचा बाक, गुडघे हनुवटीला.

बसलो होतो, हे त्यांना आठवत होतं. त्या दिवशी ते राखीव होते, केंद्राकेंद्रावर जाऊन लोकांना जेवायला सोडवत होते. हसऱ्याच्या टेबलाशी पोचले तेव्हा रांगेतली माणसं हसत होती, मतदानाच्या रांगेत! आणि ते उठून जाताच हसणं थांबलं होतं. तेवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. आपल्या हातून चूक होऊ शकते, हा विचार ठेवायला त्यांच्याकडं कपाटच नव्हतं.

कार्यालयात येऊन त्यांनी कर्तव्यपत्रक उलटं केलं. बदलीची नोंद मागच्या बाजूला करतात. एक दहा ते एक पंचेचाळीस, आणि खाली त्यांची स्वतःची सही, शेपटीदार. चिठ्ठ्यांवरच्या पाचही वेळा त्या पस्तीस मिनिटांत चपखल बसत होत्या.

मागचं पान कुणी बघत नाही. भाऊ सोडून.

दोन दिवस भाऊ घरात भुतासारखे फिरले. बायको म्हणाली, "काय झालंय? दातवाल्याला आणखी काही मिळालं का?"

"मिळणार होतं. शिक्षा."

"मग?"

"मग काही नाही. तू आपली भाजी बघ."

पंधराव्या दिवशी अहवाल गेला. शेरा: 'चूक झाली.' पाच नावं, पाच जबाब, सगळं चोख. आणि 'जबाबदार कर्मचारी' या रकान्यात भाऊंनी लिहिलं, 'कर्तव्यपत्रकाप्रमाणे.' शाळेतल्या बाईंच्या जबाबात फक्त पट्टीची पद्धत. यात खोटं काय आहे? पत्रकाला दोन बाजू असतात, हे वाचणाऱ्याला कळायला नको? असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि स्वतःच हो म्हणाले. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी व्यवस्था.

दुरुस्तीसाठी सोमवारी सगळे मॅडमच्या खोलीत जमले. तक्रारदार म्हणून काकू, हसरा, भाऊ. टेबलावर यादी उघडून ठेवलेली. नियम असा की ज्या हातानं खूण केली त्याच हातानं ती खोडायची आणि शेजारी सही करायची, मग खालच्या ओळीत योग्य खूण.

मॅडमनी अहवाल हसऱ्यापुढं सरकवला. "पत्रकावर तुमचं नाव आहे. पाच खुणा चुकल्यात. वाचा आणि सही करा."

हसरा वाचू लागला. भाऊ खिडकीबाहेर बघत होते, पण कान, डोळ्याचे कोपरे, सगळं हसऱ्याकडं. हसऱ्याचं बोट चिठ्ठ्यांच्या वेळांवर आलं आणि थांबलं. एक बारा. एक वीस. एक एकतीस. त्यानं मान वर करून भाऊंकडं बघितलं. एकदाच. रागानं नाही. ज्या मायेनं तो खिडकीवरच्या म्हाताऱ्यांकडं बघतो, तसंच.

मग तो हसला, आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"झाली असेल, मॅडम. घाईत होतं असं. काकू, मला माफ करा हं."

"असू दे, बाळा," काकू म्हणाल्या. तक्रार लिहिताना टेबल फोडणाऱ्या याच काकू!

मॅडमनी चष्म्यावरून हसऱ्याकडं बघितलं. भाऊंनी ती नजर ओळखली. बावीस वर्षं ते तिची वाट बघत होते. "चूक अशी सरळ कबूल करणारी माणसं राहिली नाहीत," मॅडम म्हणाल्या. "प्रमुखपदावर अशीच माणसं हवीत."

भाऊंनी मनातल्या मनात हिशोब मांडला. म्हणजे चूक आपली, घरोघरचे उंबरे झिजवले आपण, अहवाल आपला, आणि त्या चुकीवर पद मिळवणार हा? शिवाय याला सगळं कळलंय! कळूनही सही करतोय, म्हणजे आपल्यावर उपकार! उद्यापासून रोज समोरच्या चाकांच्या खुर्चीत तो उपकार बसलेला बघायचा?

हसऱ्याचं पेन काकूंच्या नवऱ्याच्या ओळीवर टेकणार, तेवढ्यात भाऊंनी यादीच ओढली.

"थांब! ती खूण माझी आहे."

"भाऊ, राहू द्या ना..."

"काय राहू द्या? माझी आहे म्हणतोय ना! मॅडम, पत्रक उलटं करा. एक दहा ते एक पंचेचाळीस मी बसलो होतो. पट्टीच्या वर खूण करत होतो, खाली करायची होती."

मॅडमनी पत्रक उलटं केलं. त्यांनी त्या शेपटीदार सहीवर बोट ठेवलं. "हे तुम्हाला अहवाल देताना माहीत होतं?"

"होतं."

"मग लिहिलं का नाही?"

भाऊ चष्मा काढून पुसायला लागले. काकूंनी एकदा भाऊंकडं, एकदा हसऱ्याकडं, मग पुन्हा भाऊंकडं बघितलं आणि "अस्सं होय," म्हणाल्या. त्यांना उत्तर मिळालं असावं.

"भाऊ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "यानंतर तुमचं नाव मला पुढं पाठवता येणार नाही. समजताय ना?"

"समजतंय."

"मॅडम, निम्मी चूक माझी धरा," हसरा घाईनं म्हणाला. "मी भाऊंना नीट समजावून सांगायला हवं होतं. उठायच्या गडबडीत..."

"नीट सांगितलं होतंस!" भाऊ कडाडले. "बाईंना विचार. स्पष्ट सांगितलंस, पट्टीच्या खालचं नाव म्हणून. मी ऐकलं नाही. पाचच्या पाच माझ्या आहेत. निम्मी बिम्मी काही मिळणार नाही तुला. बाजूला हो."

हसरा बाजूला झाला. भाऊंनी पाच खुणा खोडल्या, पाच सह्या केल्या, पाच ओळींत नव्या खुणा केल्या. पट्टी कुठं लावायची यावरून क्षणभर अडले, मग पट्टी ठेवून दिली आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं. काकूंचं नाव आलं तेव्हा काकू खुर्चीतून उठून टेबलापाशी आल्या. खूण होईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. वर नवऱ्याच्या नावापुढची खूण आडवी कापलेली, खाली त्यांची ताजी, ओली.

"वाळू द्या," त्या म्हणाल्या. "मग मिटा."

वाळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग दुरुस्तीचा दाखला पिशवीत घालून निघाल्या. दारापर्यंत सोडायला भाऊ गेले. चूक त्यांची, तेव्हा सोडायलाही तेच जाणार. हसऱ्याला त्यांनी उठूच दिलं नाही.

"बरं केलंत हो सांगितलंत ते," काकू दारात म्हणाल्या. "नाहीतर त्याच्या नावावर लागलं असतं."

भाऊंची मान जरा ताठ झाली.

"पण खरं सांगू का?" काकू आत वाकून बघत म्हणाल्या. "पोरगा मात्र फार गोड आहे हो तुमचा तो!"

"त्याच्याविरुद्ध काही तक्रार असेल," भाऊ म्हणाले, "तर अर्ज खिडकीत मिळतो."